ब्लोअरचा स्विच सहा महिन्यांत दुसऱ्यांदा जळला (जुनी पिकअप)

चोर्ल्याचा प्रवासी
शुक्रवार, दुपारी ३.१०

मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय.

गाडी २००५ ची डबल केबिन डिझेल पिकअप. कंपनी कुठली ते सांगत नाही, सांगितली की धागा ‘ही बरी की ती बरी’कडे वळणार. एक दिवसाआड बेळगावहून भाजी भरतो, चोर्ला घाटाने गोव्यात उतरतो आणि म्हापशाला टाकतो. गुरुवारची खेप सगळ्यात जड, कारण दुसऱ्या दिवशी शुक्रवारचा बाजार.

काल रात्री कणकुंबी सोडलं आणि धुक्यात शिरलो. वर पाऊस. केबिनमध्ये मी, बरोबरचा पोरगा आणि त्याचा निथळणारा रेनकोट. काच आतून धुकं धरायला लागली म्हणून ब्लोअरचा (काचेवर हवा मारणाऱ्या पंख्याचा) नॉब चारवर फिरवला. एकदा घुर्र झालं आणि गप्प. तीनवर, दोनवर, एकवर, काही नाही. पाच मिनिटांनी आपोआप सुरू, परत बंद. नॉबला हात लावला तर उकळत्या चहाच्या पेल्यासारखा. वर तो वास, जळक्या प्लॅस्टिकचा. थांबून फ्यूज उपटला. खाली केरीपर्यंत पोरगा फडक्याने काच पुसतोय आणि मी खिडकीतून मान काढून गाडी हाकतोय. मागे बटाट्याची पोती असल्यामुळे त्याने बटाटा कापून काचेवर घासायची आयडियाही काढली होती. घासला. बाहेरून. धुकं आतून.

हाच स्विच फेब्रुवारीत नवा टाकला होता. त्याआधीचाही असाच गेला. दोन्ही वेळा आधी फक्त चार नंबर बंद पडला, एक-दोन-तीन चालू होते, मग हळूहळू सगळंच. गॅरेजवाला म्हणतो, ‘हा पार्टच असा येतो, बदलत राहायचं.’ म्हणजे वर्षाला दोन स्विच?

चवथ (गणेश चतुर्थी) तीन आठवड्यांवर आहे. भाजी-फुलांच्या खेपा दुप्पट होणार. चांगल्या प्रतीचा स्विच कुठला मिळेल, की सरळ वायर ओढून वेगळं बटन टाकू?


फुकटसल्ला
शुक्रवार, दुपारी ३.२४

गोव्यात हिटर? आमच्याकडे मे महिन्यात स्टेअरिंगच हिटर असतं.


चोर्ल्याचा प्रवासी
शुक्रवार, दुपारी ३.३१

हिटर नको हो, पंखा हवाय. पंखा एकच, त्याच्यापुढे गरम कॉइल धरा नाहीतर एसीची थंड कॉइल. पंखा मेला की दोन्ही मेले. आमच्या गाडीत तर नॉब शून्यावर असला की एसीचा कॉम्प्रेसरही लागत नाही.


कुळागरवाली
शुक्रवार, सायं. ५.०२

हसण्यावारी नेऊ नका. आमचं कुळागर सत्तरीत, पावसाळ्यात सुपारी-केळी घेऊन मीच साखळीला पिकअप नेते. चार महिने हिटर लागतो, उबेसाठी नव्हे, काचेसाठी.

गाडीतली माणसं श्वास सोडतात, ओले कपडे वाफ सोडतात, ती काचेवर बसते. एसी लावला की थंड कॉइलवर त्या हवेतलं पाणी गळून पडतं, मग थोडा हिटर मिसळला की कोरडी आणि कोमट हवा काचेवर जाते. थोड्याच वेळात काच लख्ख. हवा बाहेरून घेण्यावर ठेवायची. आतलीच हवा फिरवत बसलात तर आपलाच श्वास परत काचेवर.


तेरेखोलकाठी
शुक्रवार, सायं. ५.४०

ताई, पण नुसता एसी लावला की आमच्या काचेवर उलट जास्त धुकं येतं. मग?


कुळागरवाली
शुक्रवार, सायं. ५.५५

वायपर मारून बघा. वायपरने पुसलं गेलं तर ते बाहेरचं आहे. आपल्याकडे पावसाळ्यात हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांवर असतो. एसीने काच त्याच्या खाली गार केली की बाहेरची हवा काचेवर घाम सोडते, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखी. तेव्हा एसीचा झोत काचेवरून काढून पायाकडे द्यायचा किंवा तापमान वाढवायचं. आतलं आणि बाहेरचं धुकं हे दोन वेगळे आजार आहेत.


तेरेखोलकाठी
शुक्रवार, सायं. ६.१०

हे बरं सांगितलंत.

मूळ प्रश्नाला माझं उत्तर: स्विचचा नाद सोड. ३० अ‍ॅम्पिअरचा रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) घे, त्याच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरीची प्लस, ८७ वरून वायर काढून ब्लोअरच्या चार नंबरच्या वायरीला जोड, ८५-८६ स्विचकडे. स्विचवर लोडच येणार नाही, जन्मात जळणार नाही. माझ्या जुन्या टेम्पोत याआधी एका कारागिराने घरातलं पलंगाजवळचं बटन डॅशबोर्डला भोक पाडून बसवलं होतं, तेही दीड वर्ष चाललं.


जुना वायरमन
शुक्रवार, रात्री ८.१५

चोर्ल्याचे प्रवासी, कृपा करून वरच्या पोस्टप्रमाणे काही जोडू नका. आज रात्री तरी नको.

आधी रोग ओळखू या, मग औषध. तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेली आहेत, त्यामुळे जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

जुन्या पिकअपमधला ब्लोअर अगदी साधा असतो. मोटर १२ व्होल्टची. वेग कमी करायचा तर तिच्या रांगेत रेझिस्टन्सच्या तारा येतात. या तारांची पट्टी ब्लोअरच्याच हवेच्या बोगद्यात बसवलेली असते, कारण ती तापते आणि तीच हवा तिला गार ठेवते. एकवर सगळ्या तारा रांगेत, दोनवर थोड्या कमी, तीनवर आणखी कमी. चारवर एकही नाही, मोटर थेट.

म्हणून तक्रार ऐकली तरी निम्मं निदान होतं. फक्त चार चालतो आणि बाकी बंद, तर रेझिस्टन्सची पट्टी गेली, बहुधा तिच्यावरचा उष्णतेने उडणारा फ्यूज. स्विचला हात लावायची गरज नाही. काहीच चालत नाही, तर फ्यूज, अर्थ (गाडीच्या पत्र्याला टेकवलेली निगेटिव्ह वायर), मोटर असं बघत जायचं. आणि तुमच्यासारखं, चारच बंद व बाकी चालू, तर स्विचमधला चारचा संपर्क जळला. कारण सगळ्यात जास्त करंट त्याच्यातूनच जातो.

आता जळतो का? संपर्कात ०.१ ओहमचा रोध आला असं धरा. डोळ्याला दिसतही नाही एवढा काळा डाग पुरतो. १५ अ‍ॅम्पिअर जात असतील तर करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे २२.५ वॅट. आमच्या हातातलं झाळायचं आयर्न २५ वॅटचं असतं. तुमच्या डॅशबोर्डमध्ये, प्लॅस्टिकच्या डबीत, एक चालू आयर्न ठेवलंय असं समजा. तापलं की आतल्या स्प्रिंगचा ताण जातो, ताण गेला की संपर्क आणखी ढिला, ढिला झाला की आणखी तापतं.

स्विच मेलाय हे खरं. पण माझ्या अनुभवात स्विच क्वचितच स्वतःहून मरतो. त्याच्यावर कोणीतरी ओझं टाकलेलं असतं. दोनदा मेला म्हणजे नक्कीच. मोटर किती करंट ओढते ते कोणी मोजलंय का?

आणि ते पलंगाचं बटन. घरची बटनं ६ अ‍ॅम्पिअरची आणि एसी करंटसाठी (उलटसुलट वाहणाऱ्या, थंडाव्याचा एसी नव्हे) असतात. घरच्या विजेत करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, तेव्हा बटन उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. गाडीत डीसी, एकाच दिशेने वाहणारा. ठिणगी विझायला कोणी शून्यावर येत नाही. दीड वर्ष चाललं हे त्या गाडीचं नशीब.


तेरेखोलकाठी
शुक्रवार, रात्री ८.४०

बटनाचं मान्य. पण रिलेत काय चूक आहे? सगळेच टाकतात.


जुना वायरमन
शुक्रवार, रात्री ९.०५

रिलेत चूक नाही, जोडणीत आहे. तुम्ही धरून चाललात की स्विच प्लसच्या बाजूला आहे. बऱ्याच पिकअपमध्ये तो अर्थच्या बाजूला असतो. म्हणजे चावी फिरवली की मोटरच्या एका वायरीला १२ व्होल्ट कायम, आणि स्विच दुसरी वायर बॉडीला टेकवतो. अशा गाडीत चारच्या वायरीवर बॅटरीची प्लस आणून सोडली आणि कोणी नॉब चारवर फिरवला, तर बॅटरी सरळ स्विचमधून अर्थला. मोटर मध्ये कुठेच नाही. फ्यूज टाकलेला नसेल तर वायर पेटेल.

आधी बघायचं: चावी फिरवून, नॉब शून्यावर ठेवून मोटरच्या कपलरवर (वायरी जोडायच्या प्लॅस्टिकच्या जोडावर) दोन्ही वायरींना टेस्टर दिवा लावा. दोन्हीकडे दिवा लागला तर स्विच अर्थच्या बाजूला.


मुरगावचा वारा
शुक्रवार, रात्री ११.२०

काकांच्या म्हणण्यात एकच भर. मी गोदीत काम करतो, खारी हवा काय करते ते रोज बघतो. अर्थची वायर जिथे बॉडीला बोल्ट केलेली असते, तिथे तांब्यावर हिरवा थर आणि पत्र्यावर तांबेरा असतो. वरून बोल्ट घट्टच वाटतो. सोडवून, पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपर मारून, ग्रीस लावून परत आवळा. फुकटचं काम आहे.


घाटमाथा
शनिवार, सकाळी ७.४५

बेळगावहून. आमच्याकडे जुन्या गाड्यांचे पार्ट भरपूर मिळतात, पण जुना स्विच घेऊ नका. त्याच्याही स्प्रिंगा वीस वर्षं भाजलेल्या असणार. मोटर मात्र जुनी चांगली मिळू शकते.


चोर्ल्याचा प्रवासी
रविवार, दुपारी १.३०

सगळ्यांचे आभार. आज सुट्टी, सकाळी आठला अंगणात डॅशबोर्ड उघडून बसलो. बायको म्हणाली, ‘चवथीची रंगरंगोटी राहिलीय आणि हा बघा.’ तर पटपट सांगतो.

बॅटरीची निगेटिव्ह काढली. तिन्ही नॉब सरळ ओढून निघाले, मागे दोन स्क्रू लपलेले होते. रेडिओभोवतीची पट्टी खालून बोट घालून ओढली, दोन क्लिपा निघाल्या, एक तुटली. हिटरच्या झडपेची केबल मध्ये येते. ती कुठल्या भोकात होती याचा फोटो काढून मग सोडवली. (फेब्रुवारीत गॅरेजने ती काढली होती आणि उलट्या भोकात लावली होती, आज कळलं. सहा महिने मी थंडवर ठेवलं की कोमट हवा येत होती आणि मी एसीला शिव्या देत होतो.)

स्विच हातात आला. मागच्या बाजूला पाच पिना. चार पिवळ्या धमक, पाचवी जांभळी-काळी पडलेली, तिच्याभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक करपलेल्या पापडासारखं तपकिरी आणि फुगलेलं. कपलरमधल्या त्या घरात बोट घातलं तर आतली लग (वायरीच्या टोकाला दाबलेली पत्र्याची पिन) सरळ बाहेर आली, तिचे दोन्ही कान उघडे पडलेले. वायरीचं आवरण दोन बोटं कडक झालंय, वाकवलं तर चुरा पडतो. म्हणजे गॅरेजने स्विच नवा टाकला, पण तोच भाजलेला कपलर त्यात खुपसला.

काकांची चाचणी केली. दोन्ही वायरींना दिवा लागला. स्विच अर्थच्या बाजूला आहे. तेरेखोलकाठी, तुझं ऐकलं असतं तर आज अंगणात होळी होती रे.

आता करंट मोजायचा प्रश्न. शेजारच्या घरगुती वायरमनचा क्लॅम्प मीटर आणला. स्विचच्या दोन पिना जाड वायरीने तात्पुरत्या जोडल्या, मोटर चारच्या वेगाने फिरतेय, आणि मीटर दाखवतोय शून्य. काका, मोटर हवेवर चालतेय का?


जुना वायरमन
रविवार, दुपारी २.१५

घरच्या वायरमनकडचे बहुतेक क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात. डीसीवर ते शून्यच दाखवणार. डीसी मोजणारा वेगळा येतो, डायलवर डीसी अ‍ॅम्पिअरची खूण बघा. साध्या मल्टिमीटरच्या १० अ‍ॅम्पिअरच्या भोकात लावू नका, त्याचा आतला फ्यूज जाईल.

तोपर्यंत व्होल्ट तरी मोजा. मोटर चारवर चालू असताना मीटरची एक टोकणी मोटरकडून स्विचमध्ये येणाऱ्या वायरीवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. नीट गाडीत ०.३ व्होल्टच्या आत यायला हवं. मग एक-एक टप्पा वेगळा मोजा, व्होल्ट कुठे गळतात ते आपसूक कळेल.


चोर्ल्याचा प्रवासी
रविवार, सायं. ६.५०

जुना स्विच परत लावून (तो अधूनमधून चालतो, तेवढं पुरलं) मोजलं.

एकूण १.९ व्होल्ट. त्यातले स्विच आणि कपलर मिळून १.४. उरलेले ०.५ अर्थच्या वायरीत. मुरगावचा वारा, तुझा हिरवा थर सापडला. ड्रायव्हरच्या पायाजवळच्या पत्र्यावर बोल्ट आहे, सोडवला तर वॉशरच्या खाली चक्क मोरचूद. घासला, ग्रीस लावली, आवळला. अर्थचे ०.५ चे ०.०५ झाले.

आणि डीसीवाला मीटर मिळाला, ओळखीच्या सोलरवाल्या पोराकडून. चारवर १९ अ‍ॅम्पिअर. सुरू होताना त्याहून वर जाऊन खाली येतो.

१९ जास्त आहे का? आणि जास्त असेल तर फ्यूज का उडाला नाही? फ्यूज २५ चा आहे.


जुना वायरमन
रविवार, रात्री ८.००

या मापाच्या मोटरला चारवर ११-१२ असायला हवेत. १९ म्हणजे बैलाला दीडपट गाडा जोडलाय.

फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. त्याला १९ चालतात, कारण १९ हे २५ च्या खाली आहेत. त्याला तुमच्या स्विचमधल्या डागाची काही कल्पना नसते. म्हणून ‘फ्यूज शाबूत आहे म्हणजे सगळं ठीक’ हे धरून चालू नका. आणि कोणी ३० चा टाकायचा सल्ला दिला तर त्याच्याशी बोलणं बंद करा.

तुमचे आकडे गुणा: १.४ गुणिले १९, सव्वीस-साडेसव्वीस वॅट. झालं ना आयर्न?

आता मोटर बाहेर काढा. डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असते. हाताने पंखा फिरवा. सोडल्यावर दोन-तीन फेरे सैल फिरला पाहिजे. अडकत, घासत फिरला तर चोर सापडला.


फुकटसल्ला
रविवार, रात्री ८.०४

माझी बायकोपण १९ अ‍ॅम्पिअर ओढते.


कुळागरवाली
रविवार, रात्री ८.३०

मोटर काढाल तेव्हा वायपरच्या खालची जाळीही उघडा. आमच्या गाडीत तिथून उंदीर आत गेला होता, ब्लोअरच्या पिंजऱ्यात सुपारीच्या सालांचं घरटं. पंखा लावला की भुस्सा तोंडावर.


चोर्ल्याचा प्रवासी
मंगळवार, रात्री ९.४०

काल खेप होती, आज मोटर काढली.

ग्लोव्ह बॉक्स दोन बाजूंनी दाबून खाली सोडला. मागे गोल काळी मोटर, तीन स्क्रू आणि एक छोटी रबरी नळी. खाली ओढली तशी पंख्याच्या पिंजऱ्यासकट हातात आली. आणि मांडीवर पाणी. एक वाटीभर, गंजाच्या रंगाचं.

ताई, उंदीर नाही, आंबा निघाला. माझी गाडी घरी आंब्याखाली उभी असते. वायपरखालची जाळी उघडली तर आत सडलेल्या पानांचा चिखल, वर मोहराचा जुना काळा थर. त्या पन्हळीतलं पाणी बाहेर जायला उजव्या कोपऱ्यात भोक असतं, ते पूर्ण बुजलेलं. पावसाचं पाणी मग ब्लोअरच्या तोंडातून आत उतरायचं आणि मोटरवर पडायचं. भोकात सायकलची स्पोक घातली, एक बादली पाणी ओतलं, चाकाच्या मागून भळभळ बाहेर आलं. किती वर्षांनी, देव जाणे.

मोटर हाताने फिरवली. अर्धा फेरा, खर्र, थांबली. बुशमध्ये (दांडा ज्यात फिरतो त्या कडीत) तांबेरा. दांड्यावर बोट फिरवलं तर कडा लागते. म्हणजे बिचारी सहा महिने (का सहा वर्षं?) गंजात फिरत होती आणि तिचा राग स्विच सोसत होता.

बुशला तेल सोडून चालवू का? सोडलं तर छान फिरतेय आता.


जुना वायरमन
मंगळवार, रात्री १०.१०

चालेल, फार तर आठवडाभर. ती बुश धातूची भुकटी दाबून केलेली असते, तेल मुरलेलं असतं तिच्यात. गंजाने तिची भोकं बुजली की वरचं तेल आठवड्यात वाळतं. आणि दांड्याला कड लागली असेल तर ती नव्या तेलातही बुश खाणार. तुमचा धंदा घाटावर, रात्रीचा, पावसातला. मोटर बदला.

कपलर पण. वायर जिथपर्यंत कडक झालीय तिथपर्यंत कापा, चांगलं लालसर तांबं दिसेपर्यंत. नवीन तुकडा २.५ चौरस मिलिमीटरचा, नवीन लगा पक्कडने नव्हे, दाबायच्या हत्याराने दाबा. नुसती पिळून टेप गुंडाळलीत तर तिथेच पुढचं आयर्न तयार होईल. दाबून झाल्यावर वायर जोरात ओढा, सुटली तर आत्ताच सुटू दे.


तेरेखोलकाठी
मंगळवार, रात्री १०.३५

काका, हे सगळं झाल्यावर रिले टाकला तर चालेल ना? मला आता ती अर्थच्या बाजूची जोडणी समजून घ्यायचीय.


जुना वायरमन
मंगळवार, रात्री ११.००

चालेल. अशा गाडीत रिलेचा ३० नंबर बॉडी अर्थला आणि ८७ मोटरच्या अर्थ वायरीला. रिलेच्या कॉइलच्या (८५-८६) एका टोकाला चावीनंतरचे १२ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला स्विचची चार नंबरची पिन. ती पिन मोटरच्या वायरीपासून आधी सोडवायची, तिने फक्त कॉइल ओढायची. मोटर नीट असेल तर गरज नाही, पण असला तर स्विचचं आयुष्य वाढेल. मोटर गंजलेली ठेवून रिले टाकला असता तर स्विच वाचला असता आणि मोटरच्या कपलरने पेट घेतला असता, हे मात्र लक्षात घ्या.


घाटमाथा
बुधवार, सकाळी ६.५०

आणखी एक. ब्लोअर बंद असताना चोर्ला चढलात का कधी भरल्या गाडीने? इंजिन तापायला लागलं की हिटर पूर्ण गरमवर आणि पंखा चारवर लावायचा, रेडिएटरच्या पाण्यातली उष्णता केबिनमध्ये निघते. आपण भाजतो, इंजिनचा हेड वाचतो. आमच्या वडिलांनी असंच एकदा जांबोटी गाठलं होतं, एप्रिलमध्ये, काचा खाली करून, बनियनवर.


चोर्ल्याचा प्रवासी
शुक्रवार, दुपारी १२.२०

झालं एकदाचं.

मोटर नवी घेतली, २३०० रुपये. बेळगावात जुनी बघितली होती, हातात फिरवली तर तीही खर्र करत होती, ठेवून आलो. स्विच ४८०. दुकानदाराने दोन दाखवले, एकाच्या मागे अ‍ॅम्पिअर छापलेले, दुसऱ्यावर काहीच नाही आणि पिना पत्र्यासारख्या पातळ. दुसरा दीडशेला होता. फेब्रुवारीत गॅरेजने कुठला टाकला असेल हे आता कळलं. कपलर वायरीसकट ९० रुपये.

सगळं बसवून मोजलं: चारवर साडेअकरा अ‍ॅम्पिअर. स्विच, कपलर, अर्थ मिळून ०.२ व्होल्टला थोडं कमी. म्हणजे काका, आयर्नचं झालं दोन वॅटचं. अर्धा तास चारवर चालवून नॉबला हात लावला, गार.

केबलही बरोबर भोकात लावली. थंडवर आता खरंच थंड येतं.

काल रात्री पाऊस होता. कणकुंबीपासून खाली दाट धुकं, समोरच्या ट्रकचा मागचा दिवा तेवढा दिसत होता. एसी, थोडा हिटर, बाहेरची हवा, काचेवर झोत, ताईंच्या सांगण्याप्रमाणे. पोरग्याने सवयीने फडकं हातात घेतलं होतं, केरी आलं, अंजुण्याच्या धरणाचे दिवे दिसायला लागले तरी तसंच धरून बसला होता.

गाडी आता आंब्याखाली लावत नाही. फणसाखाली लावतो. (फणस पडायचा मोसम संपलाय, घाबरू नका.)


मुरगावचा वारा
शुक्रवार, दुपारी १२.४५

फणसाची पानं पण पडतात रे.


चोर्ल्याचा प्रवासी
शुक्रवार, दुपारी १२.५०

जाळीच्या आत बारीक जाळी टाकलीय, बाब. महिन्यातून एकदा उघडून बघणार.


कुळागरवाली
शुक्रवार, दुपारी २.१५

ती जुनी मोटर फेकली का? आमच्या मोटरचे कार्बन (करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत, माप तेच दिसतंय. कार्बन चांगले असतील तर मला हवेत.


चोर्ल्याचा प्रवासी
शुक्रवार, दुपारी २.३०

फेकली नाही. कार्बन अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत, आत्ताच बघितलं. साखळीवरून नेहमीचाच रस्ता, रविवारी येताना आणून देतो. त्या बदल्यात चवथीला सुपारीचा एक घोस ठेवा माटोळीला (गणपतीवर फळं टांगतो ती).